स्प्रिंग ट्रेनिंग बघायचं कसं?

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानावर एक बातमी येते: पिचर आणि कॅचर कॅम्पवर दाखल. म्हणजे बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारे आणि बॅटरच्या मागे बसून तो झेलणारे खेळाडू सीझनआधीच्या सरावाला, स्प्रिंग ट्रेनिंगला, पोचले. म्हटलं तर बातमीत काहीच नाही. काही धडधाकट माणसं फ्लोरिडाला किंवा ॲरिझोनाला पोचली आणि उन्हात उभं राहून एकमेकांकडे चेंडू फेकू लागली, एवढंच. पण नोव्हेंबरपासून बेसबॉलचा उपास घडलेल्याला तेवढं पुरतं. बॉस्टनमध्ये तर त्याच्याही आधी, रेड सॉक्सचं सामान घेऊन दक्षिणेला निघालेल्या ट्रकला निरोप द्यायला लोक फेनवे पार्क या त्यांच्या मैदानाबाहेर कुडकुडत उभे राहतात. ट्रकमध्ये बॅट, हेल्मेट, हजारो चेंडू आणि खेळाडू सतत चघळत असतात त्या सूर्यफुलाच्या बियांची खोकी. ट्रक निघाला की टाळ्या. मी शिकागोत राहतो आणि कब्सचा चाहता आहे, त्यामुळे या लोकांना हसायचा अधिकार मला नाही.

क्रिकेटवर वाढलेल्या मराठी मित्रांना हा उत्साह पटवून देताना मात्र पंचाईत होते. ‘सराव सामनेच ना? मग त्यात बघायचं काय?’ प्रश्न रास्त आहे. या सामन्यांतली हारजीत गुणतक्त्यात धरत नाहीत. नऊ इनिंगनंतर, म्हणजे पूर्ण सामन्यानंतर, बरोबरी असेल तर बहुतेक वेळा तशीच सोडून सगळे घरी जातात. मोठी नावं दोन-तीन इनिंग खेळून बाहेर पडतात आणि संध्याकाळच्या आत गोल्फच्या मैदानावर पोचतात. स्कोअरबोर्डकडे बघत बसलात तर स्प्रिंग ट्रेनिंगइतकं कंटाळवाणं काही नाही. नजर दुसरीकडे लावावी लागते.

आधी रचना सांगतो. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या सर्वांत वरच्या पातळीवर, ३० संघ आहेत. त्यातले १५ फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या अखेरीपर्यंत ॲरिझोनात मुक्काम ठोकतात, १५ फ्लोरिडात. ॲरिझोनातल्या सामन्यांना म्हणतात कॅक्टस लीग, फ्लोरिडातल्यांना ग्रेपफ्रूट लीग. ॲरिझोनातली दहाही मैदानं फीनिक्स आणि त्याच्या आसपासच्या गावांत आहेत. सकाळी एका ठिकाणी सराव, दुपारी दुसरीकडे सामना असं एका दिवसात आरामात जमतं. फ्लोरिडात तसं नाही. टँपा ते फोर्ट मायर्स ते वेस्ट पाम बीच असा पसारा, आणि दोन-तीन तासांचा बसप्रवास. म्हणून बाहेरगावच्या सामन्याला अनुभवी खेळाडू काहीतरी निमित्त काढून मागे राहतात आणि बसमध्ये पोरंसोरं भरली जातात. तिकीट काढताना हे लक्षात ठेवा: ज्याला बघायचंय त्याच्या घरच्या मैदानावर जा.

आता मुख्य मुद्दा. सहा आठवडे कशाला लागतात? पूर्वी खेळाडू हिवाळ्यात विमा विकायचे, शेती करायचे, पोटं सुटायची. ती उतरवायला कॅम्प लागायचा. १८८६ मध्ये शिकागोचा संघ (आजच्या कब्सचेच पूर्वज) आर्कान्सामधल्या हॉट स्प्रिंग्जच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेला होता तो त्यासाठीच. आजचे खेळाडू बारा महिने तंदुरुस्त असतात. बॅट चालवणाऱ्यांना विचाराल तर ते सांगतील की आम्हाला तीन आठवडे बास. उरलेला सगळा वेळ लागतो पिचरच्या हातासाठी.

पिचर माउंडवरून (मैदानातल्या मातीच्या उंचवट्यावरून) ६० फूट ६ इंचांवर, म्हणजे साधारण साडेअठरा मीटरवर, चेंडू फेकतो. ताशी १५० किलोमीटर हा वेग आज तिथे अगदी सामान्य आहे. क्रिकेटमध्ये कोपर वाकवून फेकता येत नाही, इथे सगळी ताकद त्या वाकलेल्या कोपरातूनच झटक्यात बाहेर येते. कोपराच्या आतल्या बाजूला दोन हाडांना धरून ठेवणारा एक अस्थिबंध असतो. प्रत्येक चेंडूला तो ताणला जातो. हिवाळ्यात विसावलेल्या हाताने पहिल्याच दिवशी शंभर चेंडू पूर्ण जोरात टाकले तर हा बंध किंवा खांदा, कुणीतरी एक बोलल्याशिवाय राहणार नाही. म्हणून पायरीपायरीने चढायचं. आधी बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरांच्या सरावाच्या जागेत, नुसत्या कॅचरला वीस-पंचवीस चेंडू. मग आपल्याच संघाचा बॅटर समोर उभा करून. मग सराव सामन्यात एक इनिंग, चार दिवस विश्रांती, पुढच्या वेळी दोन, मग तीन, असं करत मार्चच्या शेवटी ऐंशी-नव्वद चेंडूंपर्यंत. पिचरांना कॅम्पवर इतरांच्या आधी चार-पाच दिवस बोलावतात ते याचसाठी, आणि त्यांचे चेंडू झेलायला कुणीतरी हवं म्हणून कॅचरनाही.

हे तोलून मापून केलं नाही तर काय होतं? तो बंध फाटतो. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात त्याच्याच शरीरातला दुसरा स्नायुबंध काढून बसवला. तोवर ही दुखापत म्हणजे कारकीर्द संपल्याचा दाखला होता. जॉन १९७६ ला परतला, १९८९ पर्यंत खेळला आणि शस्त्रक्रियेआधी जिंकले होते त्याहून जास्त सामने नंतर जिंकला. आज ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते आणि तिच्यातून सावरायला वर्ष-दीड वर्ष जातं. त्यामुळे फेब्रुवारीत प्रत्येक संघाच्या चाहत्याची नजर एखाद्या तरी अशा परत येणाऱ्या पिचरवर असते. त्याने किती धावा दिल्या हे कुणी विचारत नाही. किती चेंडू टाकले, वेग किती होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हात कसा होता?

जाल तेव्हा सामन्याची वाट बघत बसू नका, सकाळीच पोचा. मुख्य स्टेडियमच्या मागे चार-सहा साधी मैदानं असतात, तारेच्या कुंपणाची. तिथे साडेनऊ-दहाच्या सुमाराला एक कवायत चालते. पिचर रांगेत उभे. एक जण माउंडवरून चेंडू टाकल्यासारखं करतो, प्रशिक्षक पहिल्या बेसच्या (चेंडू मारल्यावर बॅटरने धावत गाठायच्या पहिल्या ठिकाणाच्या) बाजूला हळू सरपटता चेंडू मारतो, पहिल्या बेसवाला तो उचलायला पुढे येतो, आणि पिचरने धावत जाऊन रिकाम्या बेसवर पाय ठेवून चेंडू घ्यायचा. एवढंच. मग पुढचा. वर्षाला तीन-चार कोटी डॉलर कमावणारा माणूस आणि काल परवा शाळेतून बाहेर पडलेला पोरगा एकाच रांगेत हीच गोष्ट पुन्हा पुन्हा करतात. पोराचा पाय बेसवर न पडता शेजारी पडला की अख्खी रांग ओरडते. बुलपेनजवळ उभं राहिलात तर कॅचरच्या ग्लव्हमध्ये चेंडू बसल्याचा आवाज ऐकू येतो. टीव्हीवर तो कधीच तसा येत नाही.

याच मागच्या मैदानांवर नियमही सैल होतात. पिचरचे ठरलेले चेंडू संपले की तीनऐवजी दोनच आउट झालेले असले तरी इनिंग बंद. एखाद्या बॅटरला दुखापतीनंतर हात मोकळा करायचाय? तो प्रत्येक इनिंगला पहिला खेळतो. सामना म्हणावा की नाही हाच प्रश्न.

मग आकडे? आकड्यांकडे बघायचंच नाही का? इथे मला २०१८ चा शोहेई ओतानी आठवतो. जपानहून आलेला, पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणारा, लॉस एंजेलिस एंजल्सचा नवा खेळाडू. ॲरिझोनातल्या त्या मार्चमध्ये त्याने ३२ वेळा बॅटिंग करून चार हिट (बेस मिळवून देणारे फटके) घेतले, म्हणजे सरासरी .१२५. पिचर म्हणून तर आनंदच होता: दर नऊ इनिंगमागे २७ धावा. याला मायनर लीगमध्ये (मेजर लीगच्या खालच्या पातळीवर) पाठवा, असं जाणकार म्हणवणारे छापून मोकळे झाले. सीझन सुरू झाला. पहिल्या रविवारी तो पिचर म्हणून जिंकला आणि त्याच आठवड्यात लागोपाठ तीन सामन्यांत होम रन (आपल्या षटकारासारखे फटके) मारले. त्या वर्षी २२ होम रन, अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक, दुसरा नॅशनल लीग) सर्वोत्तम नवोदित. मार्चमध्ये झालं होतं काय, तर तो बॅटिंग करताना पुढचा पाय उंच उचलायचा, तिथल्या वेगापुढे ते जमेना, आणि कॅम्प संपता संपता त्याने पाय उचलणंच बंद केलं. सरासरी बघणाऱ्यांना .१२५ दिसलं, पाय बघणाऱ्यांना बदल दिसला. (त्याच ऑक्टोबरात त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. हात कुणाला सोडत नाही.)

आकडे फसवे का असतात याची कारणं साधी आहेत. ॲरिझोनाची हवा कोरडी, चेंडू लांब जातो आणि हवेत कमी वळतो, त्यामुळे तिथे पिचर वाईट दिसतात. नावाजलेला पिचर मार्चमध्ये एखादा नवा चेंडू शिकत असतो. मुद्दाम तोच टाकतो, मार खातो, पर्वा करत नाही. आणि सातव्या-आठव्या इनिंगनंतर पाठीवर ८७, ९४ असे आकडे लावून जे येतात ते महिनाभराने कुठल्या तरी छोट्या गावात मायनर लीग खेळणार असतात. त्यांना मारलेला होम रन दिसायला होम रनच. म्हणून माझा एक नियम आहे: बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याच्या आकड्यांचा तक्ता, वाचताना पहिल्या चार इनिंग नीट, पुढच्या वरवर.

त्या ८७ आणि ९४ नंबरवाल्यांसाठी मात्र हेच सामने जीवनमरणाचे. कॅम्पवर साठेक खेळाडू असतात. मुख्य यादी ४० जणांची आणि सीझनच्या पहिल्या दिवशी संघात जागा २६. बहुतेक जागा आधीच ठरलेल्या, खरी चुरस तीन-चार जागांसाठी. मार्चमध्ये दर काही दिवसांनी कपात होते. मॅनेजर ऑफिसमध्ये बोलावतो, दार लावून घेतो, पाच मिनिटांत माणूस बाहेर येऊन बॅग भरू लागतो. शिवाय मेजर लीगचा पगार सीझन सुरू झाल्यावरच चालू होतो. कॅम्पमध्ये मिळतो तो फक्त भत्ता. कोट्यधीशाला याने फरक पडत नाही, नंबर ९४ ला पडतो.

यावर कुणी म्हणेल, म्हणजे चांगला खेळला तो राहिला. इथेच तर गोम आहे. २०१५ च्या मार्चमध्ये कब्सचा क्रिस ब्रायंट नुसता सुटला होता. नऊ होम रन, अख्ख्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये सर्वाधिक. ॲरिझोनातल्या मेसा गावच्या मैदानावर लोक त्याच्यासाठी येत होते. मार्च संपताना संघाने त्याला मायनर लीगमध्ये पाठवलं. कारण दिलं, क्षेत्ररक्षण सुधारायला हवं.

खरं गणित असं. मेजर लीगच्या संघात काढलेला प्रत्येक दिवस मोजला जातो. १७२ दिवस भरले की एक वर्ष सेवा धरतात. अशी सहा वर्षं झाली की खेळाडू मोकळा: हव्या त्या संघाशी, बाजारभावाने करार करू शकतो. तोवर तो पहिल्या संघाच्या दावणीला, बराच स्वस्तात. सीझन मात्र १८० हून जास्त दिवसांचा असतो. म्हणजे नव्या खेळाडूला सुरुवातीचे जेमतेम दोन आठवडे खाली ठेवलं, तर त्याचं पहिलं वर्ष भरतच नाही आणि संघाला आणखी एक अख्खं वर्ष बाजारभावापेक्षा स्वस्तात मिळतं. ब्रायंट १७ एप्रिलला वर आला. पंधरवड्यात क्षेत्ररक्षण सुधारलं असावं. वर्षाअखेर त्याचे दिवस भरले १७१. एक कमी. त्या वर्षी तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला, पुढच्या वर्षी सर्वोत्तम खेळाडू, आणि कब्सने १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम लढत, जिंकली. त्याने तक्रार नोंदवली, लवादाने २०२० मध्ये संघाच्या बाजूने निकाल दिला. नियमात बसत होतं, हे खरंच. चाहता म्हणून मला २०१६ चा आनंद आहे आणि या प्रकरणाची लाजही. २०२२ च्या नव्या करारात आता सर्वोत्तम नवोदितांच्या मतदानात पहिल्या दोनांत येणाऱ्याला पूर्ण वर्ष मोजून मिळतं, त्यामुळे ही युक्ती थोडी महाग झाली आहे. संपलेली नाही. मार्चअखेर एखादं तेजस्वी पोर खाली गेलं आणि ‘अजून थोडं शिकायचंय’ असं छापून आलं, की कॅलेंडर काढून दिवस मोजा.

इतिहासात फार शिरत नाही, पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिली गमतीची. १९१५ मध्ये डेटोना बीचला ब्रुकलिनच्या संघाचा जाडजूड मॅनेजर विल्बर्ट रॉबिन्सन याने पैज घेतली की विमानातून टाकलेला चेंडू झेलून दाखवतो. विमान चालवत होती रूथ लॉ. चेंडूऐवजी वरून आलं ग्रेपफ्रूट, आपल्या पपनसाचा भाऊबंद. छातीवर आपटून फुटलं, गरम रस अंगभर, आणि रॉबिन्सनला वाटलं आपलं रक्तच वाहतंय. फ्लोरिडाच्या लीगचं नाव यावरूनच पडलं म्हणतात.

दुसरी गमतीची नाही. १९४६ च्या मार्चमध्ये जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सच्या मायनर लीग संघातर्फे फ्लोरिडात सरावाला आला. कृष्णवर्णीय खेळाडूला तोवर हे दार बंद होतं. सॅनफर्ड गावातून त्याला जीव मुठीत धरून निघावं लागलं. जॅक्सनव्हिलमध्ये मैदानालाच कुलूप. डीलँडमध्ये सामना रद्द झाला, कारण काय तर मैदानाचे दिवे बिघडलेत. सामना दिवसाउजेडी होता! डेटोना बीचने मात्र खेळू दिलं, १७ मार्चला, आणि त्या मैदानाला आज त्याचं नाव आहे. पुढच्या वर्षी डॉजर्सनी फ्लोरिडा टाळून थेट क्यूबातल्या हवानात कॅम्प लावला. त्याच १९४७ मध्ये क्लीव्हलंडचा संघ टूसॉनला आणि न्यूयॉर्क जायंट्स फीनिक्सला गेले, आणि कॅक्टस लीगची सुरुवात झाली. क्लीव्हलंडचे मालक बिल वेक यांनी त्या उन्हाळ्यात लॅरी डोबीला घेतलं, अमेरिकन लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. ॲरिझोना फ्लोरिडाहून बरं असेल ही अपेक्षा होती. पुढच्या कॅम्पला टूसॉनच्या हॉटेलने डोबीला खोली दिली नाही ती नाहीच.

स्प्रिंग ट्रेनिंगचा आणखी एक उपयोग म्हणजे नव्या नियमांची चाचणी. २०२३ ला पिच क्लॉक आलं: बेस रिकामे असतील तर पिचरने १५ सेकंदांत चेंडू टाकायचा, आणि घड्याळात ८ सेकंद उरायच्या आत बॅटरने तयार असायचं. तेव्हाच्या पहिल्याच शनिवारी अटलांटाचा ब्रेव्ह्ज संघ आणि रेड सॉक्स ६-६ बरोबरीत, नववी इनिंग, सगळे बेस भरलेले, दोन आउट, तीन बॉल, दोन स्ट्राइक (आणखी एक बॉल म्हणजे बॅटरला फुकट बेस, आणखी एक स्ट्राइक म्हणजे तो आउट). यापुढे आणखी नाट्य रचता येत नाही. ब्रेव्ह्जचा कॅल कॉन्ली वेळेत तयार झाला नाही. त्याला वाटलं चूक पिचरची, आपल्याला बेस मिळाला, म्हणून तो निघालाही. अंपायरने त्यालाच तिसरा स्ट्राइक दिला. सामना संपला, बरोबरीत, चेंडू न टाकताच. सराव सामन्यात हे घडलं म्हणून लोक हसले. ऑक्टोबरातल्या निर्णायक सामन्यांत घडलं असतं तर दंगल झाली असती. २०२५ च्या कॅम्पमध्ये अशीच अंपायरच्या बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला आव्हान द्यायची सोय तपासली गेली. क्रिकेटवाल्यांना डीआरएस नवा नाही. इथे फरक इतकाच की आव्हान फक्त पिचर, कॅचर किंवा बॅटरच देऊ शकतो, तेही लगेच, डोक्यावर हात आपटून. ड्रेसिंग रूमकडे बघायची सोय नाही. २०२६ पासून हा नियम खऱ्या सीझनला मंजूर झाला.

भारताचा एक धागाही या कॅम्पांना आहे. उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल २००८ च्या एका टीव्ही स्पर्धेतून निवडले गेले, पिट्सबर्ग पायरेट्सनी त्यांना करारबद्ध केलं आणि २००९ च्या वसंतात दोघं फ्लोरिडातल्या ब्रेडंटनच्या कॅम्पवर होते. स्पर्धेपूर्वी दोघांनी बेसबॉल हातातही धरला नव्हता. मेजर लीगपर्यंत कुणी पोचलं नाही. रिंकू पुढे अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीत गेला.

भारतातून बघायचं तर वेळेचा हिशेब असा. सामने बहुधा स्थानिक वेळेनुसार दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी सुरू होतात. फ्लोरिडातला सामना म्हणजे आपल्याकडे रात्रीचे ११.३५, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं पुढे गेली की १०.३५. ॲरिझोना घड्याळ बदलत नाही, तिथला सामना कायम रात्री १.३५ ला. नोकरदारांनी फ्लोरिडाच धरावं. पहिल्या तीन-चार इनिंग बघून खुशाल झोपा, काही गमावत नाही. आणि प्रत्यक्ष जाणार असाल, फीनिक्स-चँडलर भागात बरीच मराठी घरं आहेत, कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच, तर आउटफिल्डच्या कुंपणामागच्या गवताच्या उतारावरचं तिकीट काढा. सतरंजी न्या, टोपी न्या.

यंदा माझं लक्ष कशावर आहे विचाराल, तर कब्सच्या बुलपेनमधल्या, म्हणजे सामन्यात नंतर उतरणाऱ्या पिचरांमधल्या, शेवटच्या दोन जागांवर. शेजारच्या घरातले गृहस्थ शिकागोच्याच दुसऱ्या संघाचे, व्हाइट सॉक्सवाले आहेत. त्यांचा संघ २०२४ मध्ये १२१ सामने हरला, आधुनिक काळात एका सीझनमध्ये एवढे कुणी हरलं नव्हतं. परवा बर्फ उपसता उपसता तेच मला सांगत होते की यंदा त्यांचे तरुण पिचर बघण्यासारखे आहेत. मी नाव विचारलं, त्यांनी पाच सांगितली.